वाक्य पुरं होईपर्यंत

दुसऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबणं कौसल्याबाईंना कधी जमलंच नाही, आणि खरं सांगायचं तर निवृत्त होईपर्यंत त्यांना त्याची गरजही पडली नाही. दिल्लीच्या हिंदूराव हॉस्पिटलात त्या सिस्टर होत्या. वॉर्डातल्या पेशंटने नुसतं 'सिस्टर, वो...' म्हणून तोंड वाकडं केलं की बाईंचं पाऊल बेडपॅनकडे वळलेलं असायचं. डॉक्टरांनी हात पुढे करायच्या आत ट्रे समोर. हाताखालच्या पोरी म्हणायच्या, कौसल्या सिस्टरला माणसाच्या पोटातलं ऐकू येतं. असं कौतुक वर्षानुवर्षं कानावर पडलं की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सगळ्यांच्याच पोटातलं कळतं. त्यांचे यजमान बबनराव केंद्र सरकारच्या एका खात्यात सेक्शन ऑफिसर होते, स्वभावाने गरीब. त्यांनी लग्नानंतर थोड्याच वर्षांत वाक्यं पुरी करायचं सोडून दिलं आणि सुखात राहिले.

मुलाच्या बाबतीत मात्र हे महागात पडलं.

सिद्धांत शिकायला म्हणून कोरियात गेला आणि तिथल्याच एका प्रयोगशाळेत नोकरीला लागला. तिथे त्याला योनजू भेटली. योनजूबद्दल घरात थोडीफार कुणकुण होती. कौसल्याबाई तिला 'ती मैत्रीण' म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. त्यांच्या मनात वेगळंच चित्र होतं. सून आपल्या समाजातली, माहेरच्या वर्ध्याकडची. विहारात पांढऱ्या कपड्यांत लग्न, समोर बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, भन्तेजी, आणि मांडवात माहेरची झाडून सगळी माणसं. मग एके दिवशी सिद्धांतचा फोन आला. तो म्हणाला, "आई, योनजूशी लग्न मी..." आणि तो श्वास घ्यायला थांबला. एवढ्या फटीत बाई घुसल्या. म्हणाल्या, "आपल्यात नाही चालायचं ते. आणि केलंस तर आमच्यातलं कुणीही येणार नाही, सांगून ठेवते."

उचलली जीभ लावली टाळ्याला. मग सिद्धांत "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला गेला. पुढे त्यांनी तिथल्याच कुठल्याशा सरकारी कचेरीत लग्न केलं. त्याने फोटो पाठवले नाहीत, बाईंनी मागितले नाहीत. तेव्हापासून तो फोन करायचा तो वडिलांना. आईची पाळी आली की 'बरी आहेस ना' आणि 'औषध घेतेस ना', बस. चार वर्षं हा असा सरकारी पत्रव्यवहार चालला होता, आणि कौसल्याबाई सगळ्यांना सांगायच्या की परदेशात गेलेली मुलं अशीच होतात.

खोटं किती दिवस टिकणार? गेल्या दिवाळीत मुलगी समता पुण्याहून दिल्लीला, द्वारकेच्या घरी आली होती. मायलेकींचं कशावरून तरी वाजलं, मूळ कारण आता दोघींनाही आठवणार नाही. समता काहीतरी सांगत होती, बाईंनी मध्येच तोडलं, आणि समता भडकली. म्हणाली, "दादाचं पण असंच केलंस. तुला माहितीय तो काय सांगत होता? 'योनजूशी लग्न मी वर्ध्याला येऊन, विहारात, अगदी तुझ्या मनासारखं करणार आहे.' एवढं वाक्य होतं ते, आई. आदल्या रात्री फोनवर माझ्यासमोर त्याने पाठ केलं होतं."

ओट्याशी उभ्या असलेल्या कौसल्याबाईंनी गॅस बंद केला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पोळी लाटताना, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर, सोसायटीच्या पार्कात चालताना, कुठेही तेच वाक्य. आणि त्यातच एक जुनी गोष्ट वर आली. नवीन लग्न होऊन दिल्लीत आल्या तेव्हा दोघं खोली शोधत होते. एका घरमालकिणीने चहा पाजला, खोली दाखवली, भाडंही ठरलं. मग नाव विचारलं, मग पूरा नाम विचारलं, आणि म्हणाली, 'हमारे यहाँ नहीं चलेगा.' कौसल्या तेव्हा बसस्टॉपवर उभी राहून रडली होती. आणि तिनेच पुढे, जिचं तोंडही पाहिलं नव्हतं अशा मुलीबद्दल, तेच शब्द मराठीत ऐकवले होते. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर एक वेळ समजलं असतं. आपण म्हटलं. याची लाज इतकी होती की ती त्यांनी बबनरावांनाही सांगितली नाही.

सिद्धांतला फोन करून माफी मागावी हे साधं होतं. बबनरावांनी तसं सुचवलंही. पण बाई म्हणाल्या, "मराठीत माझी जीभ फार सैल आहे. मी माफी मागता मागता त्यालाच चार गोष्टी ऐकवेन." आणि त्यांनी ठरवलं, योनजूची माफी योनजूच्याच भाषेत मागायची.

मुनिरकात तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत स्वरूपा नावाची साताऱ्याची मुलगी राहायची. कोरियन भाषेवर पीएचडी करता करता ती शनिवारी शिकवण्या घ्यायची. कौसल्याबाई द्वारकेहून निघायच्या, जनकपुरीला मेट्रो बदलायच्या आणि मुनिरकाच्या गल्लीतून, डोक्यावर लोंबणाऱ्या वायरींखालून वाट काढत, गुडघे धरत जिना चढायच्या. वर्गात बाकी सगळी विशी-बाविशीची पोरं, कोरियन मालिका बघून नादावलेली. त्यांनी पहिल्या दिवशी बाईंना स्वरूपाची आई समजून खुर्ची दिली.

पण महिनाभरात पोरं गार पडली. त्यांचं पुस्तक इंग्रजीत होतं, त्यामुळे ती आधी इंग्रजीत वाक्य जुळवायची आणि मग उलटं फिरवायची, त्यात क्रियापद हमखास मध्ये घुसायचं. कौसल्याबाईंनी इंग्रजीची भानगडच ठेवली नाही. 'मी भात खाते.' मी म्हणजे चॉनन, भाताला म्हणजे पाबल, खाते म्हणजे मॉगॉयो. चॉनन पाबल मॉगॉयो. शब्द काढला, तिथेच दुसरा ठेवला, झालं. आपला 'ला' जसा नामाच्या शेपटीला चिकटतो तसा त्यांचाही काहीतरी चिकटतो. 'जेवलीस का' विचारताना 'तू' म्हणायची गरज आपल्याला नाही, त्यांनाही नाही. बाईंना वाटलं, ही तर वर्ध्याचीच भाषा, फक्त शब्द वेगळे. स्वरूपाने सांगितलं की विहिणीला इंग्रजीत शब्द नाही, पण कोरियनमध्ये आहे, साबुइन. हे ऐकून तर त्यांना त्या देशाबद्दल आदरच वाटायला लागला.

बोलताना त्या पहिल्या, ऐकताना मात्र सगळ्यांत मागे. स्वरूपाचा एक खेळ होता. ती वाक्य तुकड्यातुकड्याने बोलायची आणि क्रियापदाच्या आधी थांबायची. पोरांनी नुसतं थांबायचं. तेवढंच काम. 'काका... पावसात... बाजारात...' म्हणून ती थांबली की कौसल्याबाई म्हणायच्या, "गेले!" आणि वाक्य निघायचं, गेले नाहीत. 'डॉक्टर... बाळाला... औषध...' बाई म्हणायच्या, "देतात!" आणि निघायचं, द्यायला विसरले. पोरं हसायची. बाईही हसायच्या, पण पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. स्वरूपाने एकदा त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की कोरियन लोकांत म्हणतातच, आमचं बोलणं शेवटपर्यंत ऐकावं, तेव्हा कळतं. होय की नाही, केलं की नाही केलं, सगळं शेवटच्या शब्दात असतं.

बाई म्हणाल्या, "अगं, मराठीतही तसंच आहे की."

"मग काकू, तुम्हाला तर हे आधीपासून यायला हवं होतं," स्वरूपा म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती सहज बोलली. पुढे म्हणाली, "तुम्ही पुरं करता ते वाक्य चूक नसतं हो. फक्त ते तुमचं असतं. समोरच्याचं राहूनच जातं."

त्या दिवशी कौसल्याबाई मुनिरका स्टेशनवर बाकावर बसून राहिल्या आणि समोरून मेट्रो जाऊ दिल्या. भाषा नवी होती म्हणून चूक दिसली. स्वतःच्या भाषेत तर आपण आयुष्यभर तीच चूक करत आलो आणि लोक त्याला हुशारी म्हणत होते. आणि ज्याचं एक वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं होतं, त्याचंच अर्ध्यावर तोडलं.

फाल्गुनात बबनरावांना सिद्धांतचा निरोप आला. योनजूची आई त्यांच्याकडच्या एका बौद्ध मंदिराच्या यात्रेबरोबर भारतात आली होती. बोधगया, सारनाथ, कुशीनगर करून मंडळी दिल्लीला येणार, संध्याकाळचं विमान. विमानतळ द्वारकेपासून जवळ, तेव्हा दुपारी घरी येऊन जाऊ का, असं तिने विचारलं होतं. बबनराव बायकोकडे बघत राहिले. कौसल्याबाईंनी हो म्हटलं आणि त्या क्षणापासून त्यांचं जेवणावरचं मन उडालं.

त्यांना वाटलं, हाच रस्ता. मुलाच्या तोंडून आपलं बोलणं गेलंच असेल तिकडे. विहीण लग्नात उभी राहिली असेल, मुलीला नटवलं असेल, आपल्या मुलाच्याही गळ्यात हार घातला असेल. दोन्हीकडचं सगळं तिनेच निभावलं असेल. तिचे पाय धरले पाहिजेत. तिने परत जाऊन चांगला शब्द टाकला तर सिद्धांत घरी येईल. स्वरूपाकडून त्यांनी एक वाक्य घटवून घेतलं. 'तेव्हा मी शेवटपर्यंत ऐकलं नाही, मला क्षमा करा.' कुकरच्या शिट्ट्यांबरोबर त्या ते म्हणायच्या. बबनराव म्हणाले, "आता तर वरणालाही कोरियन कळायला लागलं असेल."

विहीणबाई आल्या त्या शनिवारी भर दुपारी. मिसुक नाव, बाईंच्याच वयाच्या, ठेंगण्या, करड्या रंगाची ढगळ यात्रेची विजार आणि उन्हाने भाजलेलं नाक. घरात आल्या आल्या त्यांनी दिवाणखान्यातल्या बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून तीन वेळा कपाळ जमिनीला लावलं. शेजारच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट करून त्यांनी हे कोण म्हणून विचारलं. बबनरावांनी मोडक्या इंग्रजीत आणि जास्त करून हातवाऱ्यांनी सांगितलं की आम्हाला बुद्धाकडे परत आणलं ते यांनी. विहीणबाईंना किती कळलं कोण जाणे, पण त्या फोटोसमोरही वाकल्या. बबनरावांचे डोळे भरले आणि ते ताटं घ्यायला आत पळाले.

जेवण छान झालं. विहीणबाईंनी वांग्याची भाजी दोनदा घेतली आणि ठेचा असा खाल्ला की बबनराव बघतच राहिले. कौसल्याबाईंचं थोडंथोडं कोरियन चाललं. भात आवडला का, बोधगयेत गर्दी होती का, पाय दुखतात का. साबुइन म्हटल्यावर विहीणबाई तोंडावर हात धरून हसल्या. पण कौसल्याबाईंच्या मनात ते वाक्य घोळत होतं. आता म्हणावं, चहा झाल्यावर म्हणावं, असं करता करता टॅक्सीची वेळ जवळ यायला लागली.

चहाचा कप खाली ठेवून विहीणबाईच बोलायला लागल्या. मुद्दाम सावकाश, शब्द सुटे करून, समोरच्या शिकाऊ बाईला कळावं म्हणून.

"मी," त्या म्हणाल्या. थांबल्या. "आमच्या योनजूच्या..." पुन्हा थांबल्या. "लग्नाला..."

कौसल्याबाईंना सगळं वाक्य दिसलं. मी लग्नाला तुमची किती आठवण काढली. मी लग्नाला एकटीच होते. मी लग्नाला जे पाहिलं ते कुठल्या आईवर न येवो. त्यांची माफी ओठांपर्यंत आली, 'तेव्हा' हा पहिला शब्द सुटलाही. बबनरावांनी हळूच त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाईंनी तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या वाक्यातली शांतता पूर्ण जाऊ दिली, आणि ती त्यांना जन्मभराएवढी लांब वाटली.

"...गेले नाही," विहीणबाई म्हणाल्या.

मग हळूहळू बाकीचं आलं. काही शब्द कौसल्याबाईंना कळले, काही विहीणबाईंनी फोनवर टाकून हिंदीत दाखवले. जावई इंदो साराम, म्हणजे भारतीय माणूस. काळा. शेजारी काय म्हणतील. 'आमच्यात असं नसतं' असं मुलीला सांगितलं आणि दार लावून घेतलं. वर्षभर बोलल्या नाहीत. मग नवरा वारला, तेव्हा सिद्धांतने तिकडच्या रीतीप्रमाणे तीन दिवस शोककक्षात उभं राहून आलेल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला, मुलासारखा. हे सांगताना विहीणबाईंनी मान खाली घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या कौसल्याबाईंसमोर वाकल्या. तुमच्या मुलाला मी दारात उभं केलं नाही, मला क्षमा करा, असा त्याचा अर्थ.

कौसल्याबाईंना आधी राग आला. माझ्या पोराला काळा म्हणते. आणि लगोलग, सांगायला लाज वाटते पण खरं आहे, त्यांना हलकं वाटलं. चला, फिट्टंफाट झाली. हिनेही तेच केलं, आपणच एकट्या वाईट नाही. हा हलकेपणा चहाचा घोट गिळेपर्यंत टिकला. मग त्यांच्या लक्षात आलं की हिशेब दोघी आयांचा जुळला, पण त्या कचेरीत उभी होती ती दोन पोरं. चार वर्षं आपण धरून चाललो होतो की निदान एकीची आई तिथे होती. कुणीच नव्हतं. ना हिच्याकडचं, ना त्याच्याकडचं.

त्यांनी कोरियनमध्ये विचारलं, "त्या दिवशी योनजूने काय घातलं होतं?"

विहीणबाईंनी वर पाहिलं. "मोल्लायो," त्या म्हणाल्या. मला माहीत नाही.

दोघी आया समोरासमोर बसल्या होत्या आणि आपल्या लेकरांच्या लग्नाचा कपडा दोघींनाही ठाऊक नव्हता. कौसल्याबाईंना हुंदका आला तो त्यांनी आवरला नाही. विहीणबाई उठून त्यांच्या शेजारी सोफ्यावर बसल्या आणि त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन तशाच राहिल्या. बबनराव आधी उभे राहिले, मग बसले, मग उगाच पंखा वाढवून आले.

टॅक्सीवाल्याचा फोन आला, नीचे खड़ा हूँ. बबनरावांनी त्याला थांबायला सांगितलं. कौसल्याबाईंनी पदराने तोंड पुसलं. ज्या वाक्याची त्यांनी एवढी घोकंपट्टी केली होती, ते विहिणीसाठी नव्हतंच, हे आता उजेडासारखं स्पष्ट होतं. आधी विहिणीला खूश करायचं, तिने मुलीला सांगायचं, मुलीने नवऱ्याला. हा सगळा वळसा भित्रेपणाचा होता. त्यांनी विहिणीच्या फोनकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "योनजू."

विहीणबाईंनी नंबर लावला, पलीकडे दोन शब्द बोलल्या आणि फोन त्यांच्या हातात दिला.

कौसल्याबाईंनी नाव सांगितलं नाही. कोरियनमध्ये वाक्य म्हटलं, पाठ केलं होतं तसं, एकही शब्द इकडचा तिकडे न करता. 'तेव्हा मी शेवटपर्यंत ऐकलं नाही. मला क्षमा करा.' शेवटचा शब्दही धड निघाला. पलीकडे लांब कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता, स्वयंपाक चालला असावा. बाईंना वाटलं, आपला उच्चार चुकला, तिला कळलंच नाही. पुन्हा म्हणावं. समजावून सांगावं. त्यांनी दात घट्ट मिटून घेतले.

मग ती मुलगी बोलली, आणि मराठीत बोलली. सिद्धांतने शिकवलेली असणार. बोलण्यात त्याचाच सूर होता, तोच 'आई' म्हणतानाचा हेल.

"आई," ती म्हणाली. "त्या दिवशी... मी... तुमची..."

कौसल्याबाईंच्या डोक्यात शब्दांची झुंबड उडाली. तुमची गरज नव्हती. तुमची माफी नको. तुमची खूप चीड आली. यातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं आणि प्रत्येक त्यांचंच होतं. त्यांनी फोन कानाला दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने स्वतःचं तोंड झाकलं.

"...खूप वाट बघितली," योनजू म्हणाली. "कचेरीच्या दारात. बंद करेपर्यंत."

खाली टॅक्सीवाला हॉर्न देत होता, विहीणबाई बुटाच्या नाड्या हातात घेऊन दाराशी थांबल्या होत्या. योनजूला अजून काही म्हणायचं असेल म्हणून बाई फोन कानाला लावून तशाच बसून राहिल्या.